भज्जीतला पेरू

लोहारा, रविवार

प्रिय राजी,

फोन केला असता, पण फोनवर तू मधेच "अगं, ऐक तर" म्हणतेस आणि विषय कुठल्या कुठं नेऊन ठेवतेस. मग मीच तुझी समजूत काढत बसते. वीस वर्षं हेच चाललंय. कागदावर तुला मधे बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. चहा ठेव, बस, आणि शेवटपर्यंत वाच. मधली पानं गाळायची तुझी सवय मला माहीत आहे.

तुझं पुस्तक मिळालं. केंद्रप्रमुखांनी गेल्या महिन्यात प्रत्येक शाळेला एकेक प्रत वाटली. मुखपृष्ठावर तुझा फोटो, निळी साडी, हातात खडू. माझ्या भावाच्या लग्नात नेसली होतीस तीच ना गं ही साडी? आत पहिल्याच पानावर "माझा नवोपक्रम" आणि खाली मुलांना माहिती लिहायला कसं शिकवावं याची तुझी पद्धत: पाहिलेलं, विचारलेलं, मोजलेलं असे तीन रकाने. मी व्हरांड्यात उभ्या-उभ्या वाचलं. हेडसरांनी विचारलं, तुमच्या मैत्रिणीचं ना हे? मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? त्या दिवशी गणिताच्या तासाला पोरांनी नुसता धिंगाणा घातला आणि मी कुणाला एका शब्दानं बोलले नाही.

ते तीन रकाने कुठून आले ते तुला ठाऊक आहे, तरी सांगते. मी या गावात आले त्या वर्षी सहावीला 'आमचे गाव' यावर माहिती लिहायला सांगितली होती. एकतीस वह्या तपासल्या. एकतीस पोरांचं गाव निसर्गाच्या कुशीत वसलेलं, शेजारून नदी खळखळ वाहते आणि गावकरी गुण्यागोविंदानं राहतात. अगं, आमच्या गावाला नदीच नाही. नदी बघायची तर जीपमध्ये बसावं लागतं. आणि गुण्यागोविंदाचं म्हणशील तर त्याच आठवड्यात बांधावरून दोन घरांची डोकी फुटली होती. सगळं गाईडातलं. मी वह्या मिटल्या आणि पोरांना घेऊन बाहेर पडले. हापशावर एक घागर भरायला किती हापसे लागतात ते मोजा म्हटलं. वेशीतलं लिंबाचं झाड कुणी लावलं ते विचारा म्हटलं. ज्यानं सांगितलं त्याचं नाव वाक्याखाली लिहायचं, आणि नाव नसेल तर वाक्य खोडायचं. आधी पोरं रडकुंडीला आली. दिवाळीपर्यंत अशी तरबेज झाली की दुकानदार चन्नबसप्पा त्यांना लांबून बघूनच वजनं पुसून ठेवायला लागला.

आणि मग शुभांगीची येळवस. तिच्या आजीनं, पार्वतम्मानं, मार्गशीर्षातल्या अमावस्येला शेतात काय-काय केलं ते त्या पोरीनं दिवसभर मागं-मागं हिंडून लिहिलं. खोपीला कडब्याच्या किती पेंढ्या लागल्या, पाच पांडवांचे दगड कुठून आणले, चुना कुणी लावला, आंबिलानं भरलेलं बिंदगं डोक्यावरून कुणी नेलं. भज्जीच्या मिसळ भाजीत काय पडलं त्याचं तर एकेक नाव: तूर, हरभरा, वाटाणा, मेथी, गाजर आणि पेरूच्या फोडी. मी म्हटलं, पेरू? येळवसेच्या भज्जीत? परत जाऊन विचार. ती परत गेली. पार्वतम्मानं सांगितलं, माझा थोरला शंभुलिंग लहानपणी गाजर वेचून फेकायचा आणि उपाशी उठायचा, म्हणून मूठभर पेरू टाकायला लागले. शंभुलिंगाचं लग्न झालं, त्याला मुलं झाली, तरी पार्वतम्मा दर येळवसेला मूठभर पेरू टाकतच होती. शुभांगीनं ते तसंच लिहिलं आणि खाली नाव घातलं: सांगणार पार्वतम्मा, वय अंदाजे सत्तर, शाळेत गेलेली नाही. तो कागद मी माझ्या खाकी कव्हरच्या वहीत पहिल्या पानावर चिकटवला. पार्वतम्माला नेऊन दाखवला तेव्हा ती नुसती आपल्या नावावरून बोट फिरवत बसली. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीत आपण आहोत ते तिनं पोरीकडून पाठ करून घेतलं होतं.

ती वही तू पाहिलीस. कोरोनाच्या आदल्या वर्षी, श्रावणात. तुला नुकतंच प्रशिक्षणाच्या कामावर घेतलं होतं. माझ्या घरी दोन दिवस राहिलीस, शेंगाची चटणी डब्यात भरून मागितलीस आणि वही मांडीवर घेऊन म्हणालीस, महानंदा, हे सगळ्या जिल्ह्यानं बघायला पाहिजे. मी किती फुलले होते ते आठवलं की आता अंगाचा तिळपापड होतो. आठ दिवसांत परत देते म्हणालीस. नवव्या दिवशी तुझा फोन: वही नळदुर्गच्या स्टँडवर एसटीत राहिली. हुंदके देत होतीस. आणि मी मूर्खासारखी तुलाच धीर देत बसले. म्हटलं, जाऊ दे गं, पोरं पुन्हा लिहितील, तू रडू नको, तुझं बीपी वाढेल.

पोरं पुन्हा लिहितील म्हटलं खरं, पण पार्वतम्मा दोन वर्षांपूर्वी गेली. तिची सून भज्जीत पेरू घालत नाही. शुभांगी सोलापूरला नर्सिंग शिकते. म्हणजे ती मूठभर फोडींची गोष्ट एका वहीत होती आणि ती वही, तुझ्या म्हणण्याप्रमाणं, एसटीत बसून हैदराबादकडं निघून गेली. आणि आता तुझ्या पुस्तकाच्या बाविसाव्या पानावर मी वाचते: "आमच्या भागात येळवसेच्या भज्जीत पेरूच्या फोडी घालण्याची प्रथा आहे." खाली बारीक अक्षरात, परंड्याकडच्या माझ्या शाळेतील विद्यार्थ्यांचे लेखन. पेंढ्यांचा आकडासुद्धा तोच गं. सगळं उतरवलंस आणि एकच गोष्ट गाळलीस, सांगणाऱ्याचं नाव. त्यामुळं एका म्हातारीनं आपल्या हट्टी लेकासाठी केलेली युक्ती अख्ख्या भागाची प्रथा झाली. जिल्ह्यातले मास्तर आता ती पोरांना शिकवताहेत. माहिती लेखनाचा नमुना म्हणून.

नळदुर्गला डी.एड. करताना आपण एका खोलीत राहायचो तेव्हा तू माझी पाठटाचणं उतरवायचीस. मी स्वतःच वही उघडून द्यायची तुझ्यापुढं. तू उतरवायचीस आणि मी पिठलं करायची. मला कधी वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू, बरंच वाटायचं. तुझ्याशिवाय मला त्या गावात कोण होतं? तेव्हाच हात धरला असता तर बरं झालं असतं.

तर राजी, मला सूड घ्यायचाय. शाळेतल्या बाईला हा शब्द शोभत नाही. नाही तर नाही. रात्रंदिवस माझ्या डोक्यात हेच आहे, भाकरी करपतात, नवरा म्हणतो तुला झालंय तरी काय. येळवस झाली की दुसऱ्या दिवशी धाराशिवला तुझा सत्कार आहे. तिथं प्रत्येक केंद्रातल्या एका शाळेचं भित्तिपत्रक मांडायचंय आणि आमच्या केंद्रातून आमच्या शाळेचं नाव लागलंय. हे कळलं तेव्हा मी वर्गात एकटीच हसले. तुझं पुस्तक उचललं, बाविसाव्या पानात मोरपीस घातलं आणि वाचनकोपऱ्यात, पोरांच्या हाताला येईल असं ठेवून दिलं. मुद्दाम. हे मी कबूल करते, कारण पुढं जे झालं ते माझ्या हातात राहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी शिवांजली माझ्यासमोर येऊन उभी राहिली. शुभांगीची चुलत बहीण, यंदा सहावीत आहे, दोन वेण्या आणि नजर अशी की थापच मारता येत नाही. म्हणाली, "बाई, ही आमची पार्वतम्मा आहे. पण हिचं नाव कुठाय?" मी म्हटलं, मला काय माहीत, शोधून काढ. माहीत असून माहीत नाही म्हटलं. तेवढं पाप माझ्या नावावर लिही.

पोरांनी पंधरा दिवस घेतले. गावातल्या चव्वेचाळीस घरी जाऊन विचारलं, येळवसेच्या भज्जीत पेरू घालता का? त्रेचाळीस घरांनी पोरांना वेड्यात काढलं. चव्वेचाळिसावं शंभुलिंगाचं. तो आता पन्नाशीचा आहे, अजून गाजर खात नाही. पेरूचं विचारलं तर तो बांधावर खाली बसला, असं पोरांनी 'पाहिलेलं'च्या रकान्यात लिहिलंय. शुभांगीला फोन लावला. तिनं तारीखवार सगळं सांगितलं, अगदी कागदावर आंबिलाचा डाग कुठं पडला होता तेही. मग तुझ्या जुन्या शाळेला फोन लावला, स्पीकरवर. तिथले गुरुजी भले माणूस. म्हणाले, बाळांनो, आमच्या गावात येळवस करतच नाहीत, ती तुमच्याकडं.

एवढं झाल्यावर मी म्हटलं, आता भित्तिपत्रकाला मथळा द्या: चोरलेली येळवस. फळ्यावर लिहिलंसुद्धा मी, मोठ्या अक्षरात. शिवांजलीनं हात वर केला. चोरताना कुणी पाहिलं का, बाई? कुणी सांगितलं का? मग खाली नाव कुणाचं घालायचं? वर्ग माझ्याकडं बघत होता. सात वर्षं मी प्रत्येक वर्गाला हेच शिकवलं होतं आणि आता माझ्याच हातानं मला तो शब्द पुसावा लागला. त्यांनी मथळा दिला 'भज्जीतला पेरू'. त्यात तुझ्याविषयी एक वाईट शब्द नाही. तुझ्या पुस्तकातलं वाक्य आहे, पान नंबर आहे, त्रेचाळीस घरं आहेत, शुभांगी आहे, ते गुरुजी आहेत. चोरी हा शब्द कुठंच नाही आणि वाचणाऱ्याला त्याची गरजही पडणार नाही. मी चिडून लिहिलं असतं तर लोकांनी मला जळकी म्हटलं असतं. पोरांना कोण काय म्हणणार?

तरी मला धीर नव्हता. कागद पुरा झाला त्याच दुपारी मी त्याचा फोटो काढला, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकायला. बोट बटणावर होतं. शिवांजलीनं विचारलं, "बाई, त्या मॅडमना विचारलं का?"

तीन रकान्यांशिवाय आमचा एक चौथा नियमही आहे. मागं पोरांनी लिहिलं होतं की पाणीवाला बिराप्पा महिनाभर टाकी धूत नाही. सगळं खरं होतं, पण बिराप्पाला कुणी विचारलंच नव्हतं. त्याचा हात मोडला होता. तो प्लास्टर घातलेला हात घेऊन शाळेत आला आणि भिंतीवरचा तो कागद वाचत उभा राहिला. त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं: ज्याच्याविषयी लिहिलं त्याला दाखवल्याशिवाय कागद भिंतीवर लागणार नाही. हा नियम तुझ्या पुस्तकात नाही बघ. कसा असेल? वही गेल्यानंतरचा आहे तो.

म्हणून हे पत्र. माझी इच्छा नव्हती, मला तर तू सत्काराच्या शालीसकट त्या कागदासमोर अचानक यायला हवी होतीस. पोरांनी ते होऊ दिलं नाही. सोबत त्यांचा कागद आहे. त्यात शेवटी 'राजेश्वरी मॅडमचं म्हणणं' असं लिहून चार ओळी मोकळ्या सोडल्यात. पोरांचा प्रश्न एकच आहे: आमच्या पार्वतम्माचं नाव तुम्ही का काढलं? ती वही खरंच एसटीत राहिली होती का, हा प्रश्न माझा. तो त्यांनी कागदावर घेतला नाही, म्हणून इथं विचारते. येळवसेच्या आदल्या दिवसापर्यंत कागद परत आला पाहिजे. नाही आला तर त्या जागी काय लिहायचं ते शिवांजलीनं ठरवून ठेवलंय: विचारलं, उत्तर आलं नाही. कसंही झालं तरी कागद धाराशिवला येणार, सभागृहाच्या मधल्या खांबावर लागणार, आणि मी त्याच्या बाजूला उभी असणार. त्या चार ओळी टाईप करून पाठवू नकोस, हातानं लिही. तुझं अक्षर मी कुठंही ओळखीन. माझी टाचणं उतरवून-उतरवून ते हुबेहूब माझ्यासारखं झालंय.

तुझीच,
महानंदा