मुरायला ठेवलेल्या फळ्या

प्रिय यासेंका,

तुझ्या हाताचं प्लॅस्टर निघालं का? समुद्राकाठच्या दमट हवेत मोडलेलं हाड ठणकतं म्हणतात, तेव्हा बहिणीकडे लोकरीचा स्वेटर घालूनच वावर. मी बरी आहे, एक खांदा सोडून. त्याचं पुढे लिहिते. आधी घरची बातमी. आपल्या मोठ्या खोलीत नवी लाकडी जमीन घालायचं ठरलं आणि पैसे कुणी काढले, तर द्राजेननं! ज्या माझ्या लेकानं, तुझ्या नवऱ्यानं, गळक्या छपराचं एक कौल कधी बदललं नाही, त्यानं तुझी तक्रार पोलिसांत गेल्याचं कळताच अडीच हजार युरो टेबलावर आपटले. म्हणाला, "आई, जमीन बदलून टाक. कुठलीही घे, पण झटपट बसेल अशी घे." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

घाई कसली ते तुला सांगायला नको. सूप खारट झालं म्हणून त्या रविवारी त्यानं चुलीजवळची कुऱ्हाड उचलली. तू मागे सरत गेलीस आणि तू चुकवलेले तीन घाव फळ्यांत बसले. तिसऱ्याला पातं लाकडात अडकलं, तेव्हा ते सोडून तो बुटांनी तुझ्यावर तुटून पडला. तुझं हाड मोडल्याचा आवाज मी सुपाचं पातेलं हातात धरून दारातून ऐकला. पातेलं खाली टाकून मी त्याच्या पाठीवर गुद्दे घातले, तर त्यानं मला माशीसारखं झटकलं. दवाखान्यात त्यानं काय सांगितलं, तर आईनं फळ्यांना मेण जास्त लावलं म्हणून ही घसरली. मला कुणी विचारलंच नाही. आता घाव तेवढे नाहीसे झाले की तुझा शब्द आणि त्याचा शब्द, एवढंच उरणार होतं.

तर आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं लॅमिनेट दाखवलं, मीटरला बारा युरो, एका दिवसात सगळी खोली तयार. द्राजेनचे डोळे चमकले. मी बोटानं टकटक करून म्हटलं, हे लाकूड नव्हे, लाकडाचा फोटो आहे. पाइन दाखवलं तर म्हटलं, खुर्ची सरकवली तरी ओरखडा पडेल. मग मी हात ओकच्या कोऱ्या, जाड फळ्यांवर ठेवला. मीटरला पंचावन्न. मजुरी, तेल, पट्ट्या धरून अडीच हजार पुरेपूर संपत होते. तो दात खाऊन कुजबुजला, "एवढं महाग कशाला?" मी चारचौघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "जन्मभर गिरणीत ओक कापून मेलेल्या तुझ्या बापाचं घर आहे ते." लोकांसमोर त्याला हात उगारता येईना. त्यानं पैसे मोजले.

बापाचं कधी ऐकलं असतं, तर त्याला ठाऊक असतं की कोरा ओक घरी आणल्यावर ज्या खोलीत बसवायचा, तिथंच दोन-तीन आठवडे मुरू द्यावा लागतो, नाहीतर फळ्या फुगतात. सुतारानंही तेच सांगितलं आणि हत्यारं घेऊन परत गेला. मी ओक घेतला तो ह्यासाठीच. तोवर जुनी जमीन जागच्या जागी राहणार होती.

मग घरात रोज आकांत. त्यानं नव्या फळ्यांच्या थप्पीवर लाथा घातल्या, एक फळी खिडकीतून आरपार फेकली, माझी कपबशी माझ्याच डोक्याशी फोडली. तपास करणारा अधिकारी तासाभरात घर बघायला येणार असा निरोप एका सकाळी आला, तसा हा पहार घेऊन जुन्या फळ्या उखडायला आला. मी घावांवर अंथरलेल्या सतरंजीवर खुर्ची ओढली आणि बसले.

"आई, ऊठ."

"नाही उठत."

"मला तुरुंगात घालणार आहेस?"

"मी फक्त बसले आहे, बाळा. पहार तुझ्या हातात आहे."

ती पहार माझ्या खांद्यावर बसली. मी खुर्चीसकट कोसळले, पण सतरंजी सोडली नाही. त्यानं माझे केस धरून ओढलं, बरगडीत लाथ मारली आणि पुन्हा पहार उचलली. तेवढ्यात अधिकारी दारात आला. त्याला आणखी पुरावा कशाला हवा होता, तरी मी आपल्या हातानं सतरंजी दूर केली आणि सूप, कुऱ्हाड, बूट, सगळं सांगितलं. कोर्टातही हेच सांगणार आहे.

द्राजेन आता कोठडीत आहे. त्याचे मोजे अजून दोरीवर आहेत, माझ्यानं काढवत नाहीत. मुलगा माझाच आहे गं, आणि मला त्याची भीती वाटते, ही दोन्ही वाक्यं मी आजवर एकदम म्हटली नव्हती. जुनी जमीन मी कोर्टाचा निकाल लागेपर्यंत हलू देणार नाही. नवा ओक मात्र तुझा. तुझा हात मोडल्याची ती भरपाई समज. तू भाड्यानं घर बघते आहेस म्हणून लिहिलंस, तिथं ट्रकनं पाठवते. तिथंही दोन-तीन आठवडे मुरू दे, सुतारानं घाई केली तरी ऐकू नकोस. आणि खोली मोजशील तेव्हा एवढं बघून कळव, की भिंतीशी आणखी एक अरुंद पलंग मावतो का. मावत नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. पण मावत असेल तर ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी एक जागा रिकामी असते, तिथं बसून मी येईन म्हणते.

तुझीच,
मांडा
(आधी 'सासू' लिहिलं होतं, ते खोडलं.)