हेलनबाईंचा फ्लेक्स

३ फेब्रु.
काळेसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा राज्याच्या परिवहनमंत्री हेलनबाई आपली चाकणची कंपनी बघायला येणार. बसच्या सीटची ऑर्डर त्यांच्या हातात. "ऑर्डर आली की तू अ‍ॅडमिन मॅनेजर." अकरा वर्षं असिस्टंट आहे. हिला इतक्यात सांगत नाही.

५ फेब्रु.
बाईंचा परिचय लिहिला, सत्काराआधी मीच वाचणार. शाळेत शिक्षिका, नगरसेविका, दोनदा पडल्या, मग आमदार, आता मंत्री. आपल्याकडच्या नेत्यांसारखंच की. फक्त पक्ष एकदाही बदललेला नाही. ते दोनदा तपासलं.

७ फेब्रु.
निगडीत सलीमभाईंकडे स्वागताचा फ्लेक्स छापायला टाकला. इंग्रजीत, बारा बाय आठ. मजकूर दिलाय तसाच छापा, बजावलं.

१० फेब्रु.
सकाळी गेटवर फ्लेक्स पाहिला. बाईंच्या नावाखाली ठळक इंग्रजीत 'भावी मुख्यमंत्री'. सलीमभाईंना फोन. "साहेब, मंत्र्याच्या फ्लेक्सवर भावी काहीतरी लागतंच. नाहीतर उघडा दिसतो." शिडी येईपर्यंत गाड्या आत. बाई उतरल्या, वाचलं, खो-खो हसल्या, फ्लेक्सखाली फोटो काढून घेतला. शाल, नारळ, पगडी, सगळं पार पडलं. जीव भांड्यात.

१२ फेब्रु.
बाईंनी तो फोटो टाकला. तिकडच्या पेपरात पहिल्या पानावर. म्हणे बाईंचा मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर डोळा, प्रचार थेट भारतातून. साहेब माझ्याकडे बघत नाहीत. डबा तसाच परत आणला.

१५ फेब्रु.
मुख्यमंत्र्यांनी बाईंना मंत्रिमंडळातून काढलं. ऑर्डर लटकली. माझं जाऊ दे, पण दोनदा पडून उभी राहिलेली बाई, आणि आपल्या फ्लेक्सने... फार वाईट वाटलं. माफीची मेल पाठवली. शेवटी हिला सगळं सांगितलं. "अहो, मॅनेजर व्हायचं होतं ना? मंत्री पाडून आलात."

२१ फेब्रु.
उत्तर नाही. साहेबांनी नव्या मंत्र्यांचा परिचय लिहायला सांगितलाय, दुसऱ्या कुणाला तरी.

२४ फेब्रु.
बाईंची मेल आली. माफीबद्दल अक्षर नाही. पक्षातले बरेच आमदार आपल्या बाजूने आलेत, पुढच्या आठवड्यात मुख्यमंत्रिपदासाठी मतदान आहे, एवढंच. आणि खाली: फ्लेक्सची मूळ फाइल पाठवता का? साहेबांनी दोनदा वाचली, चहा मागवला, दोन कप. सलीमभाईंना लगेच फोन लावला.

"पाठवतो की. पण बाईंना विचारून घ्या, भावी ठेवायचं का आत्ताच काढू?"