आईच्या मानेतली नळी

मंगळवार, ५ ऑगस्ट

आईला आयसीयूत घेतलं. रक्तात जंतू पसरलेत! मी वर्गावर होते, आबांचा फोन आला — "योगिता, तुझी आई बोलत नाही गं."

डायलिसिसची नळी आहे तिच्या मानेत. तिथे पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, हे तिला पाठ आहे. आणि कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी डोक्यावरून न्हायली! न्हायल्याशिवाय दळणाला हात लावायचा नाही म्हणे. शेजारच्या सरला काकूंनी पाणी ओतलं. नंतर हुडहुडी भरली. पावसाळ्यात सुरतेत, आमच्या लिंबायतमध्ये हुडहुडी म्हणजे मलेरियाच! कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं त्याच गोळ्या दिल्या, तिनं गिळल्या.

बुधवार, ६

डॉक्टरांना विचारलं, वाचेल ना? तर सांगत बसले — किडनी आधीच गेलेली, त्यात शुगर, बीपी पडलेलं, औषध उशिरा सुरू झालं. "बेन, तमे मोडा आव्या." उशीर झाला, कळतं हो! पण ती वाचते की नाही, तेवढं सांगा ना.

मानेतली नळी काढली. जंतू तिथेच घर करून होते म्हणे. आता जांघेतून तात्पुरती टाकलीय.

गुरुवार, ७

तसंच. काही नाही.

शुक्रवार, ८

सरला काकू पायरीवर बसून रडत होत्या. "मीच पानी टाकं व माय!" हो, तुम्हीच — अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. मग माझ्या डब्यातली पोळी त्यांनाच खाऊ घातली. ओरडू तरी कुणावर? देवीवर? आबा तर भिंतीकडे बघत बसतात. जन्मभर पॉवरलूमच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस, इथल्या शांततेनं पार खचलाय.

शनिवार, ९

रक्ताचा रिपोर्ट आला. जंतू कोणता ते कळलं, औषध बदललं. डॉक्टर म्हणाले, आता थोडी आशा आहे. कसली आशा! ती मला ओळखतसुद्धा नाही.

सुटली तर बरं, असं आज मनात आलं. शी! माझ्या आईबद्दल! कुणाला सांगणार, म्हणून इथे लिहिलं.

मंगळवार, १२

ताप उतरला! डोळे उघडले! मला बघून पहिलं काय, तर — केस का नाही विंचरले गं? आबा नर्सच्या पाया पडायला वाकले. ती बिचारी घाबरून मागे सरकली, "अरे काका, एवुं ना करो!" किती दिवसांनी हसले मी. रडलेही.

बुधवार, १३

रक्त स्वच्छ. उद्या मानेत नवी नळी टाकू, डॉक्टर म्हणाले. ते गेल्यावर आईनं माझा हात धरला.

"आते नळी नको माले. घर लई चाल."

घरी कशी नेऊ? समजावलं. भांडले. पाया पडले. नुसती नाही-नाही म्हणून मान हलवते. डायलिसिस बंद म्हणजे काय, तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आबांना अजून सांगितलं नाही. ते पेढे आणायला गेलेत.