यावे, न यावे

सुय्यपूर, काश्मीर
लौकिक वर्ष ५१, कार्तिक वद्य पंचमी

प्रिय यहया,

तेजकभट्टाचा नमस्कार आणि सलाम. समरकंदात जो चालत असेल तो ठेवून घे.

इकडे सर्व क्षेम. अक्रोड उतरले, खिंडीवर बर्फ दिसू लागले. आपल्या खानकेचा, या सूफी मठाचा, आचारी सुला भाजीत अजून दोनदा मीठ घालतो. विचारले तर म्हणतो, "भटजी, एकदा देहासाठी, एकदा आत्म्यासाठी." मी अद्वैत शिकलेला, दोन्ही एकच मानून गिळतो.

सर्व क्षेम, हे सवयीने लिहिले. आपले पीर, बाबा दानियाल, आश्विनात गेले.

तू त्यांच्याशी भांडून, निरोप न घेता गेलास त्याला तीन वर्षे झाली. गेल्या वसंतात तुझे पत्र आले: परत येऊ का? बाबांची दृष्टी तेव्हा गेलेलीच; मीच वाचले. ऐकून इतके हसले की खोकल्याची उबळ आली. म्हणाले, "लिहा भटजी. यावे. एवढंच."

मी लेखणी धरून बसलो.

"काय हो, तुमच्या संस्कृतात 'यावे' म्हणायला किती प्रत्यय लागतात?"

"आहेत थोडे, बाबा."

"मग फारसीत लिहा. उरका."

फारसीत त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराखाली ठिपका दिला की 'यावे', वर दिला की 'न यावे'. शारदा लिपीत वाढलेल्या माणसाचा हात चुकला आणि ठिपका वर पडला, असे तुला लिहिणार होतो. तसे तीन मसुदे केलेही. हात चुकला नाही, यहया. वीस वर्षे मी त्यांचा लेखक; धर्म सोडवेना, म्हणून तुझ्यासारखा त्यांचा शिष्य, मुरीद, झालो नाही. जेवताना त्यांच्या उजव्या हाताला तू बसायचास. तू गेल्यावर तिथे मी बसू लागलो होतो.

उन्हाळाभर काफिला आला की ते मला घाटावर पाठवीत. मीही जात असे. शेवटच्या आठवड्यात विचारले, "भटजी, मी काही कठोर लिहिलं होतं का हो पोराला?"

"नाही, बाबा. गोडच लिहिलं होतं."

"मग उतरलो त्याच्या मनातून."

पुन्हा तुझे नाव काढले नाही.

हे पत्र खानकेत सर्वांना वाचून दाखवूनच पाठवतो आहे. सुलाने ऐकले आणि माझे ताट उंबऱ्याबाहेर मांडले.

खिंडी उघडल्या की ये. कबरीपाशी बसून त्यांना सांग, बोलावणे तुला पोचलेच नव्हते. मी रोज सांगतो. पण माझ्या शब्दावर त्यांनी हयातीतच नको तितका विश्वास ठेवला.

पत्राखाली लोक 'आपला' लिहितात. मी कोणाचा, ते आता मला लिहिता येत नाही.

तेजकभट्ट