जवळ्यावरचं गोल्फ

सरावली, बोईसर
मंगळवार, दुपार

काशी,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद तुला, आणि घरातल्या लहानमोठ्यांना ज्याला जो लागू पडेल तो. टाच कशी आहे? भेगेत मेण भरलंस की नुसतीच सगळ्या सफाळ्याला दाखवत फिरतेस? भावेशचं पोट, सुनेची दाढ आणि ती तुमची एका शिंगाची शेळी, सगळी ठीक असतील असं धरून चालते. माझं म्हणशील तर गुडघे सोडून बाकी सगळं अजून माझं ऐकतं. फोन सोडून कागद कशाला काळा केला असं विचारशील. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी अर्ध्यावर येते तोवर तू तुझी टाच पुढे करतेस. कागदाला मधेच तोडता येत नाही. चष्मा लाव आणि स्वतः वाच. हेतलला वाचायला देऊ नकोस, तुझी सून मधले शब्द गाळते (आणि गाळलेले शेजारी जाऊन सांगते).

विषय असा की आपला मेहुल गोल्फ खेळतो. हसून झालं की पुढं वाच. पोरगा पन्नाशीला टेकला, कंपनीत रंगाच्या प्लांटवर शिफ्ट सांभाळतो, घरी येतो तेव्हा बूट कधी जांभळे तर कधी पिवळे. त्याच्या कंपनीत नवीन मोठे साहेब आले. त्यांचं मनोरच्या बाजूला फार्महाऊस आहे आणि तिथं त्यांनी भाताची खाचरं बुजवून गवत लावलंय. (ज्या मातीतलं गवत उपटता उपटता बायांच्या कमरा गेल्या, तिथं हा माणूस पगारी माळी ठेवून गवत वाढवतो.) रविवारी ऑफिसर लोकांना तिथं खेळायला बोलावतात. साहेबांना नाही म्हणणारा अजून जन्माला यायचाय, म्हणून मेहुलही जातो. खेळ असा, की काठीनं चेंडू मारत मारत लांब न्यायचा आणि शेवटी वाटीएवढ्या भोकात ढकलायचा. लांबचं मेहुलला जमतं. काठी फिरवली की चेंडू आभाळात, लोक वा वा म्हणतात. पण भोक हातभरावर राहिलं, की याचे हात लटपटतात आणि चेंडू भोकाला प्रदक्षिणा घालून निघून जातो. या शेवटच्या ढकलण्याला पटिंग म्हणतात, त्याची काठीही वेगळी असते. हे सगळं बापाकडून आलंय. तुझे भावजी आठवतात ना? खवळलेल्या समुद्रातून होडी सुखरूप आणायची आणि बंदरात, सगळं गाव बघत असताना, दुसऱ्याच्या होडीवर घालायची. समुद्रात कोणी बघत नसायचं, म्हणून जमायचं.

तर या पटिंगसाठी मेहुलनं एक लांबलचक हिरवी मॅट मागवली, खोट्या गवताची. ती बाहेरच्या खोलीत टीव्हीपासून स्वयंपाकघरापर्यंत पोचते. माझं काम काय, तर दुसऱ्या टोकाला पाटावर बसायचं, स्टीलचा पेला आडवा धरायचा आणि आलेला चेंडू परत लोटायचा. तू म्हणशील म्हातारीला कामाला लावलंन. पण तुला इथली दुपार ठाऊक नाही. सकाळी मेहुल जातो, मागोमाग सूनबाई दीपिका पालघरला तिच्या लॅबमध्ये. मग मी, टीव्ही आणि गॅलरीतली कबुतरं. कबुतरांशी मी बोलत नाही, ती घाण करतात. आपली नात, पूर्वी, पुण्याला शिकते, रविवारी फोनवर तोंड दाखवते, पण फोन असा धरते की मला निम्मा वेळ पंखाच दिसतो. दीपिका येते ती दमून, ताटावर पेंगते. आणि मेहुल? हे गेल्यापासून "जेवलीस काय?" याच्यापुढं त्यानं मला काही विचारलं असेल तर शपथ. पण पटिंग करताना तो बोलायला लागला! खाली चेंडूकडे बघत बोलायचा. (माणसाला तोंडाकडे बघायला लागलं नाही की बरंच काही सुचतं.) कोणता माणूस कामचुकार, रंगाचा घाणा कसा बिघडला, रात्रीची झोप कशी लागत नाही. मी पेला धरून ऐकायची. एकदा मी म्हटलं, "तुझा बाप पण असाच होता, जाळं शिवताना बोलायचा." त्यावर तो म्हणाला, "आई, हलू नको गं." मी म्हटलं, "मी हालत नाय, तुझा नेम हालतो." आणि आम्ही दोघं हसलो. या घरात दोन माणसं एकाच वेळी हसल्याला जमाना झाला होता.

असंच एकदा चेंडूकडे बघत त्यानं सांगितलं, की गुजरातेत कंपनीचा नवा प्लांट निघतोय आणि साहेब तिथं मुख्य माणूस शोधतायत. साहेबांचं मत असं, की लांब फेकणारे पुष्कळ मिळतात, पण शेवटचं हातभर जो शांतपणे करतो त्याच्या हाती प्लांट द्यावा. म्हणजे मेहुलची सगळी नोकरी एका बाजूला आणि वाटीएवढं भोक एका बाजूला. मी विचारलं, "गुजरात म्हंजे लांब?" तर म्हणाला, "लांबच." आणि चेंडू सोफ्याखाली गेला.

मग आमचे उपाय चालू झाले. मोबाईलमध्ये पांढऱ्या टोपीचा एक गुरुजी आहे, हिंदीत शिकवतो. तो म्हणाला, मारताना डोकं वर काढू नका. मेहुलचं डोकं चेंडूच्या आधी वर येतं. म्हणून मी पेला पुस्तकाला टेकवला आणि मागून त्याचं डोकं धरलं, लहानपणी न्हाव्यापुढं धरायची तसं. चेंडू सरळ पेल्यात. पण फार्महाऊसवर आईला नेता येत नाही म्हणे. मग गुरुजी म्हणाला, चेंडूखाली नाणं ठेवा आणि चेंडू गेला तरी नाण्याकडेच बघा. मेहुल नाण्याकडे बघत राहिला, मी मेहुलकडे, आणि चेंडू कुठं गेला ते कोणीच बघितलं नाही. सकाळी तो दीपिकाच्या चपलेत निघाला. मग म्हणे मनगट मोडू नये, खांदे घड्याळाच्या लंबकासारखे हलावेत. मी त्याच्या मनगटाला लाटणं बांधलं, माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं, घट्ट. नेमका तेव्हा खालच्या मजल्यावरचा विश्राम, टकटक कसली चाललीय म्हणून विचारायला वर आला. "काकी, हात कधी मोडला याचा?" मी म्हटलं, "मोडू नये म्हणूनच बांधलाय." तो बिचारा केळी घेऊन आला दुसऱ्या दिवशी. शेवटी मी काठीची दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या उतरवून गॅसवर जाळल्या, जरासुद्धा ठसका आला नाही. म्हणजे दृष्ट जबरदस्त होती. (नंतर कळलं, मिरच्या मागल्या वर्षीच्या होत्या.)

आता मुख्य गोष्ट. माझ्या हातून पाणी सांडून मॅट ओलसर झाली, म्हणून मेहुलनं ती गॅलरीत उन्हात पसरली आणि कामाला गेला. त्याच सकाळी तारापूरची मासळीवाली दारात आली, टोपलीत ओला जवळा, इतका ताजा की अजून चमकत होता. घेतला. वाळवायचा कुठं? या बिल्डिंगीत गच्चीला कुलूप असतं. आणि समोर बघते तर सपाट, स्वच्छ, रिकामी मॅट, वर कडक ऊन. काशी, तुझ्या-माझ्यासारख्या बायांनी खळ्यात जन्म काढला. पसरलेली जागा उन्हात रिकामी पडलेली आपल्याला बघवते का? मी घातला जवळा. दुपारी हातानं वरखाली केला, संध्याकाळी गोळा केला, मॅट झटकली आणि होती तशी घरात अंथरली. मेहुलला वास आला नाही, त्याचं नाक रंगाच्या प्लांटवर कधीच कामातून गेलंय. दीपिकाला आला, पण तिला वाटलं रात्री जवळ्याची चटणी आहे आणि ती खूश झाली. (होतीही.)

पण खारं पाणी सुकून ते खोटं गवत एका बाजूला लवलं, वर जवळ्याचे पाय आणि मिशा त्यात अडकलेल्या. चेंडू निघाला की डावीकडे वळायचा. मेहुलला वाटलं आपलाच हात डावीकडे जातो. तो हट्टी आहे, माझ्यावर गेलाय. त्यानं आठवडाभर झटून उजवीकडे मारायची सवय केली. चेंडू उजवीकडून निघून डावीकडे वळत येऊन पेल्यात टण्णकन वाजायचा. एकामागून एक. मी म्हटलं, जमलं हो पोराला! आणि मग पेला धरल्याधरल्या मला गुजरात आठवायची.

रविवारी साहेबांच्या खऱ्या गवतावर त्यानं सगळे चेंडू उजवीकडे मारले आणि खरं गवत काही वळवेना. साहेब म्हणाले, "मेहुलभाई, होल इधर है, आप उधर किसको मार रहे हो?" त्यात फार्महाऊसवरची मांजर सकाळपासून याच्याच पिशवीमागे. चेंडू खाली ठेवला की ती चाटायला यायची. सगळे ऑफिसर हसले. हे त्यानं मला सांगितलं नाही, दीपिकाला सांगितलं, मी आतून ऐकलं.

त्यानंतर मॅट गुंडाळून कपाटामागे गेली. मेहुल पुन्हा मोबाईलमध्ये. "जेवलीस काय?" मी पाट घेऊन माझ्या जागेवर बसले एक-दोनदा, सवयीनं. तो मला ओलांडून आत गेला.

एका दुपारी करमेना म्हणून मॅट बाहेर काढली. हात फिरवला तर काटे लागले. चष्मा लावला तर मिशा दिसल्या. सगळं तिथंच समजलं. आता तू म्हणशील, जमना, मॅट होती तशी गुंडाळून ठेवायचीस, मुलगा घरात राहिला असता. हा विचार तुला आत्ता सुचला असेल, मला तेव्हाच सुचला होता, मी काही तुझ्याइतकी भोळी नाही. मॅट परत गुंडाळलीही. पण संध्याकाळी तो आला, सोफ्यावर बसला, आणि मी बघत राहिले. माझ्यापासून दोन हातांवर बसलेला पोरगा, तोंड पडलेलं, हात मांडीत. हा असला मुलगा घरात ठेवून मी करू काय? त्याची पूजा? मी आत गेले, नातीच्या लहानपणीची उवांची फणी काढली, मॅट त्याच्यापुढं अंथरली आणि म्हटलं, "तुझा हात सरळ हाय. वाकडं माझं वाळवण हाय. हे बघ." आणि फणी ओढून त्याला एक अख्खा जवळा काढून दाखवला, डोळ्यांसकट.

तो बघत राहिला. मला वाटलं आता ओरडणार. ओरडला नाही. जमिनीवर बसला आणि पोट धरून हसला, मग डोळे पुसले, मग म्हणाला, "दे ती फणी." त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मॅटच्या उवा काढल्या. दीपिका आली, बघितलं, चहा टाकला. गरम पाण्यानं पुसून, उलट्या बाजूनं विंचरून मॅट सरळ केली. मी परत पेला धरला. आणि काशी, त्यानं असे सरळ मारले म्हणून सांगू! पुढच्या रविवारी साहेब स्वतः बघत असताना शेवटचं हातभर असं ढकललं, की चेंडू भोकात पडला तरी याची मान खालीच. गुरुजी बघता तर टोपी काढता.

गुजरातचा प्लांट त्याला दिला. दीपिकालाही तिथं लॅबमध्ये घेतायत. कंपनीचं घर आहे, पण चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मेहुल म्हणतो, आई, तुला उचलून नेईन. मी काय सिलिंडर आहे? आणि वर ठेवलं की खाली कोण उतरवणार, पुढची गाडी येईपर्यंत? मी इथंच बरी. घर आपलं आहे, नळाला पाणी येतं, विश्राम हाकेवर आहे. सगळं मनासारखं झालं, तक्रार काही नाही.

बाकी उत्तर लिहायचं तर मोठ्या अक्षरात लिही. थोरांना माझं नाव सांग, लहानांना माझा धाक घाल.

तुझी बहीण
जमना

ता. क. साहेबांना मेहुलनं अजून होकार दिलेला नाही. आई एकटी कशी राहील, म्हणतो. म्हणून मी त्याला सांगून टाकलंय, की काशीमावशी कायमची माझ्याकडे राहायला येतेय, तिनंच हट्ट धरलाय. तुला विचारलं नव्हतं, ते आता विचारलं असं समज. त्याचा माझ्यावर विश्वास नाही, तो गुरुवारी संध्याकाळी तुला फोन करून खात्री करणार आहे. तू फक्त "हो रे बाबा, येतेय" एवढं म्हण आणि फोन ठेव, टाच मधे आणू नकोस. एकदा तो तिकडे रुजू झाला की मग तू नाही आलीस तरी चालेल. त्याला काय सांगायचं ते मी बघेन.

ता. क. दुसरा. वर "तक्रार काही नाही" लिहिलंय ते तसंच राहू दे. खोडलं तर कागद घाण दिसतो.

ता. क. तिसरा. आलीसच, तर खिडकीकडची खाट तुझी. तिच्यावरचं माझं सामान मी काल काढून ठेवलं, तसंही झाडायचं होतं. आणि तू घोरतेस म्हणून मी तुला भावेशच्या लग्नात जे बोलले ते मनावर घेऊ नकोस. घोर. पुढच्या महिन्यापासून या घरात रात्री फ्रीजशिवाय कोणी आवाज करणार नाहीये.