बाबांचा चॅम्पियन

झाशी, रविवार संध्याकाळ

चहा होऊन गेला, पण माझं डोकं अजून ठिकाणावर नाही. वाद कशावरून, तर जुन्या हेवीवेट चॅम्पियनांत सगळ्यात मोठा कोण!

माझे बाबा पलटणीत बॉक्सर होते, जवळच्या बबीना छावणीतून रिटायर होऊन इथेच राहिले. त्यांचा चॅम्पियन ठरलेला: कितीही ठोसे खाऊन पाऊल मागे न घेणारा. माझ्या लेकीलाही, ईराला, ते अंगणात तेच शिकवतात. आमच्या ह्यांना ते मुळीच पसंत नाही. ह्यांच्या मते मोठा तो, ज्याला ठोसा लागतच नाही.

"पळणारा कसला चॅम्पियन?" बाबा म्हणाले.

हे भडकले. "आणि तुमचा? शेवटी हात इतके थरथरायचे की दुसऱ्याने घास भरवायचा. असलं मोठेपण माझ्या मुलीला नको."

नेमकी तेव्हाच बाबांच्या हातातली कपबशी खडखडली. रोजच खडखडते. रोज चहा सांडतो, मी पुसते, कुणी काही बोलत नाही. आज सगळे तिच्याकडेच बघत राहिलो. हे ओशाळले. आणि मी? वयामुळे होतं, असंच धरून चालले होते ना? की मला समजून घ्यायचंच नव्हतं?

ईरा हळूच म्हणाली, "आजोबा, मग तुमचावाला हारला का?"

बाबांनी कपबशी खाली ठेवली, हात मांडीखाली दाबला.

"नाही बेटा, तो कधी हारला नाही." मग ईराकडे वळले. "उद्या लवकर उठ. आधी मागे सरायला शिकवतो."