शोभेचा पलंग

प्रिय मेधा,

मेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांची मी जन्मभर टिंगल केली, हे तुला माहीत आहे. पण आज तुझ्या कंपनीचं शेवटचं उत्तर आलं, आणि असलं काही वाचून दाखवायला घरात तूच असायचीस. तर ऐक.

तुझी पेन्शन मला मिळणार नाही.

जपानच्या पेन्शन ऑफिसनं आधीच नकार दिला होता. काउंटरवरच्या बाई इतक्या वाकल्या की मलाच त्यांचं सांत्वन करावंसं वाटलं. तुझं निदान झाल्यावर धावपळ करून टोकियो सरकारकडून घेतलेलं जोडीदारीचं प्रमाणपत्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं आणि दोन्ही हातांनी परत केलं. हॉस्पिटलात तुझ्या खाटेपाशी बसायला ते चाललं. पेन्शनच्या कायद्यात दोन बायकांचं लग्न बसत नाही.

तुझी परदेशी कंपनी मात्र पुढारलेली! कॅनडाला जाऊन घाईघाईत केलेलं आपलं लग्न तिला पूर्ण मान्य. फक्त मृत्यूआधी त्या लग्नाला वर्ष झालेलं हवं. आपले भरले सात महिने. म्हणजे एका ऑफिसात आपलं लग्न झालंच नाही, आणि दुसऱ्यात झालं ते पुरलं नाही. थोडं थांबायला काय झालं होतं गं तुला? एरवी कुठेही वेळेवर निघाली नाहीस.

एक पळवाट होती. लग्नाआधीही नवराबायकोसारखा संसार होता हे दाखवा, म्हणाले. मी हसले. त्या मोठ्या भूकंपाच्या दिवशी गाड्या बंद पडल्या, तू तोयोसुच्या ऑफिसातून माझ्याकडे ओजिमाला चालत आलीस आणि परत गेलीच नाहीस. तेव्हापासूनचा संसार. पुराव्यांना काय तोटा?

मग शोधायला बसले. मेधा, तू एकही पुरावा मागे ठेवला नाहीस. भाडेकरारात मी तुझी मावसबहीण. फोटोत आपल्या मधे कायम कुणीतरी तिसरं उभं. आणि दुसऱ्या खोलीतला तो शोभेचा पलंग! इथल्या गणपती मंडळातलं कुणी येणार असलं की तू त्याची चादर खोचायचीस, उशाशी तुझा चष्मा ठेवायचीस आणि उशीवर मूठ दाबून डोक्याचा खळगा पाडायचीस. मी दारातून म्हणायचे, "थोडं घोरूनही दाखव."

"हस तू. तुझ्या आईला कळलं तर ती रडेल. माझी आई विमानात बसेल."

साक्षीपत्रावर सही मागायला पाटणकर काकूंकडे गेले. गणपती मंडळातल्या सगळ्यांत जुन्या, आणि आपल्याकडे सगळ्यांत जास्त वेळा जेवलेल्या त्याच. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून साक्षीपत्र दोनदा वाचलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अगं, मला वाईट नाही वाटलं हो," त्या म्हणाल्या. "पण सही कशी करू? यात लिहिलंय, प्रत्यक्ष पाहिलं. मी तर तुमचे दोन पलंग पाहिलेत. तिची उशीसुद्धा."

उशी मीही पाहिली होती.

कंपनीनं तेच जरा इस्त्री करून लिहिलंय. एकत्र राहत होतात, पण जोडपं म्हणून राहत होतात असं दिसत नाही. दिसत नाही! इतकी वर्षं आपण दुसरं काय साधलं? इतकं चोख काम तू ऑफिसातही केलं नसशील.

हे घर माझ्या एकटीच्या पगारात झेपत नाही. एदोगावाला माझ्या शाळेजवळ एक खोली पाहिलीय. तिथे दोन पलंग मावत नाहीत.

आता दाद मागायला आणखी वरच्या कुठल्या ऑफिसात जाणार नाही. वचन एवढंच देते, तो शोभेचा पलंग टाकून देईन. कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून मोठा कचरा टाकायचं स्टिकर आणलंय. त्यावर नाव लिहावं लागतं. तुझं लिहिलं नाही, तू त्या पलंगावर कधी झोपलीच नाहीस. गुरुवारी तो खाली नेईन, भर उजेडात, शेजारणींदेखत. कुणाचा म्हणून विचारलं, तर कुणाचाच नव्हता म्हणून सांगेन.

आपला पलंग मी बरोबर नेतेय. त्याच्यावर तुझ्या बाजूला तुझी उशी ठेवीन. मूठ मात्र दाबणार नाही.

तुझी बायको
(कंपनीच्या हिशेबानं सात महिन्यांची),
कल्पना